धनराज पिल्ले यांची चढाई

आपल्याकडील मासिकांतून नटाच्या अभिनयाचे, गवयाच्या गायकीचे, कवीच्या शब्दकळेचे परीक्षण नित्य येत असते. खेळाडूच्या खेळाचे परीक्षण मात्र आपण दैनिकांच्या शेवटच्या पानावर सोपवून मोकळे झालो आहो. त्या पानावर जयापजयाचा वृत्तान्त मिळतो, पदकांची मोजदाद मिळते, पराभव झाला असल्यास चार कडू शब्दही मिळतात. परंतु अमुक माणसाचा खेळ कोणत्या घडणीचा होता, त्यात त्याचे स्वतःचे म्हणून काय होते आणि ते कोठे अपुरे पडले, हा प्रश्न तेथे सहसा विचारला जात नाही. मैफल ऐकून आलेला रसिक किती टाळ्या पडल्या हे सांगत बसत नाही. राग कसा मांडला ते सांगतो. तेवढीच रसिकता एका हॉकीपटूच्या वाट्याला येऊ द्यावी, या हेतूने आम्ही श्री. धनराज पिल्ले यांच्या खेळाविषयी लिहावयास बसलो आहो.

निमित्त घडले ते असे. राजापेठेतील आमच्या घरी रविवारी सकाळी चार समानशील मंडळी जमतात. त्यांत गणिताचे अध्यापन करणारे आमचे एक स्नेही आहेत. बोलता बोलता धनराजचे नाव निघाले आणि आम्ही जरा भरात येऊन त्याची स्तुती करू लागलो, तोच ते म्हणाले, "सर, चार ऑलिंपिके आणि पदके शून्य. शून्याला चाराने गुणा की भागा, उत्तर शून्यच येणार." सर्वजण हसले, आम्हीही हसलो. पण मंडळी पांगल्यावर ते वाक्य मनातून जाईना. पदक नाही हे खरेच आहे. मग आमच्या पिढीतील हजारो लोकांना हा माणूस चेंडू घेऊन धावू लागला म्हणजे खुर्चीवरून उठून उभे राहावेसे का वाटे? ती केवळ आमची भाबडी भक्ती होती, की त्या धावण्यात खरोखरीच काही होते?

येथून पुढे आम्ही एकवचन वापरणार आहो. आवडत्या खेळाडूला एकेरी नावाने हाक मारणे हा आपल्याकडे अनादर समजत नाहीत, आणि धनराजला 'ते' म्हटल्याने तो आम्हांला दुरावल्यासारखा होतो.

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी पुण्याजवळच्या खडकी येथे झाला. घराणे मूळचे तमिळ. वडील नागलिंगम हे तेथील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. आई अंदालम्मा. पाच भावांपैकी हा चौथा. मोडक्या काठ्या आणि इतरांनी टाकून दिलेले चेंडू यांवर त्याचे आरंभीचे शिक्षण झाले. मोठा भाऊ रमेश हा भारताकडून खेळलेला व मुंबईत राष्ट्रीय केमिकल्सच्या संघात होता. त्याच्या मागोमाग धनराज ऐंशीच्या दशकाच्या मध्यास मुंबईस आला आणि महिंद्र आणि महिंद्र कंपनीच्या संघात जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली तयार झाला. १९८९ साली दिल्लीच्या आशिया चषकात तो प्रथम भारताकडून खेळला आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर निवृत्त झाला. या पंधरा वर्षांत ३३९ सामने. चार ऑलिंपिके, चार विश्वचषक, चार चँपियन्स करंडक आणि चार एशियाई स्पर्धा. चरित्राचा हा भाग येथेच आटोपता घेऊ. कारण आमचा विषय माणूस नसून त्याचा खेळ आहे.

तो खेळ समजण्यासाठी एक गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. धनराज ज्या काळात जन्मला तो भारतीय हॉकीच्या पायाखालची जमीन बदलण्याचा काळ होता, आणि हे आम्ही अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. १९७६ साली माँट्रिअल येथे ऑलिंपिकमधील हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली व भारत सातवा आला. १९८० च्या मॉस्कोतील सुवर्णपदकाने क्षणभर धीर दिला. पण १९८६ साली लंडनच्या विश्वचषकात भारत बारा संघांत बारावा होता. खऱ्या गवतावर चेंडू उसळतो, अडखळतो, वळतो. तेथे ज्याचे मनगट हुशार त्याचे राज्य. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगाने जातो. तेथे ज्याची छाती मोठी आणि टोला जोरकस त्याची सरशी. आपल्या खेळाडूंची शेदीडशे सामन्यांची कमाई म्हणजे ते मनगट; आणि नव्या जमिनीवर नेमके तेच निरुपयोगी ठरत चालले होते. युरोपातील संघ चेंडू या माणसाकडून त्या माणसाकडे असा फिरवीत की आपले गडी नुसते मध्ये उभे राहून माना वळवीत.

धनराजने लहानपणी आदर्श मानला तो बनारसच्या महंमद शाहिदला. शाहिदची किमया मनगटाची होती. चेंडू काठीच्या डावी-उजवीकडे इतक्या त्वरेने नाचे की समोरचा गडी जागच्या जागी खिळून जाई. पण या किमयेला थोडे थांबावे लागते. जादूगाराला प्रेक्षक समोर बसलेला हवा असतो. टर्फवरचा प्रेक्षक बसत नाही, तो मागून धावत येतो. धनराजने शाहिदचे मनगट घेतले आणि त्याचे थांबणे टाकून दिले. पूर्ण वेगाने पळताना चेंडू काठीला चिकटलेला ठेवणे, वेग कमी न करता त्याला एकदम आडवा सरकवणे, आणि प्रतिपक्षाचा गडी काठी जमिनीवर टेकवतो न टेकवतो तोच त्याच्या बाजूने निघून जाणे, ही त्याची स्वतःची घडण. मानेवर रुळणारे लांब केस आणि किंचित पुढे वाकलेली पाठ पाहून दूरचित्रवाणीच्या लहानशा पडद्यावरही, समालोचक नाव घेण्यापूर्वीच, हा कोण ते आम्ही ओळखीत असू.

येथे थोडा तांत्रिक भाग सांगितला पाहिजे. वाचकांनी कंटाळा करू नये. हॉकीची काठी एकाच अंगाने, डाव्या अंगाने, सपाट असते आणि त्याच अंगाने चेंडू मारावयाचा असतो. त्यामुळे उजवीकडून धावणाऱ्याला चेंडू मध्यभागी, म्हणजे आपल्या डावीकडे, मारणे सोपे जाते. डावीकडून जाणाऱ्याला मात्र चेंडूला वळसा घालून उभे राहावे लागते किंवा काठी उलटी करावी लागते. तेवढ्यात बचावाची फळी सावरून बसते. धनराज पुष्कळदा डाव्या अंगाने येई. हा वळसा त्याने, आमच्या पाहण्याप्रमाणे, एका साध्या निर्णयाने चुकवला. चेंडू मध्ये मारण्याऐवजी तो स्वतःच चेंडू घेऊन आत वळे आणि सरळ गोलापुढच्या 'डी'त शिरे. एक गडी अंगावर येई, मग दुसरा, मग तिसरा. त्यांच्यापैकी एखाद्याचा पाय चेंडूला लागला की पंचाची शिटी वाजे आणि भारताला पेनल्टी कॉर्नर मिळे.

हे पाहताना आम्हा अमरावतीकरांना एका जुन्या खेळाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आमच्या वऱ्हाडात हॉकी कधी फारशी रुजली नाही. आमचे बालपण गेले ते आखाड्यात आणि हुतूतूच्या मैदानावर. १९१४ साली स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे या गावाचे भूषण. १९३६ साली मंडळाचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तेथे गेले आणि आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके त्याने युरोपास दाखवली, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच बर्लिनमध्ये त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीचा ८-१ असा पराभव करून हॉकीचे सुवर्णपदक घेतले. एका गावी, एका उन्हाळ्यात, आपला मातीतला खेळ आणि आपली हॉकी शेजारी शेजारी उभी होती. पुढे त्यांची गाठ पडली नाही. ती पुष्कळ वर्षांनी धनराजच्या अंगात पडली, असे आमचे मत आहे.

कारण धनराज जे करी ते तत्त्वतः हुतूतूतील चढाईच होते. चढाईचा गडी एकटाच मध्यरेषा ओलांडतो. समोर सात जण. दम एकच, तो संपण्याच्या आत काय ते करावयाचे. त्याच्या येण्यानेच समोरची साखळी हलते. कोपऱ्यातला गडी आत ओढला जातो, मधला मागे सरतो, आणि क्षणापूर्वी भक्कम दिसणारी भिंत विसकटून जाते. धनराजने चेंडू घेतला की जर्मन वा डच बचावफळीची हीच गत होई. ज्यांनी सारा सामना आखणीबरहुकूम काढला होता ते अनुभवी गडीसुद्धा एका माणसाच्या धावण्याने आपापल्या जागा सोडून येत. संघ म्हणून आपण त्यांच्यापेक्षा कमी होतो; त्या दहा-बारा सेकंदांपुरते ते आपल्यापेक्षा कमी होत. आम्ही खुर्चीवरून उठत असू ते या कारणाने. १९९४ च्या सिडनी विश्वचषकात भारत पाचवा आला, पण त्या स्पर्धेनंतर निवडलेल्या जागतिक अकरांत एकच भारतीय होता, आणि तो धनराज होता.

आता या उपमेची दुसरी बाजू. परीक्षणात ती लपवून चालणार नाही. चढाई करणाऱ्याला परत यावे लागते. मध्यरेषेला हात लागला नाही तर त्याने मैदान कितीही गाजवलेले असो, तो बाद. हॉकीत परत येणे म्हणजे चेंडू योग्य वेळी दुसऱ्याच्या काठीवर पोहोचवणे. आणि पहिल्या दहा वर्षांतल्या धनराजला हे फार वेळा साधले नाही हे आम्ही खेदाने नमूद करतो. दोघांना चकवल्यावर तिसऱ्यालाही चकवण्याचा मोह त्याला आवरत नसे. डावीकडे एखादा सहकारी मोकळा उभा आहे, हात वर करतो आहे, आणि धनराज तीन जणांच्या गराड्यात शिरतो आहे, हे दृश्य आम्ही इतक्या वेळा पाहिले की त्या सहकाऱ्याची आम्हांला कीव येई. आमचे गणिती स्नेही म्हणतील, हाच तो शून्याचा उगम. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे.

अर्धेच का, ते सांगतो. मोकळ्या उभ्या असलेल्या त्या सहकाऱ्याने चेंडूचे पुढे काय केले असते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. धनराजच्या धावण्याने मिळालेले पेनल्टी कॉर्नर गोलात घालणारा खात्रीचा हात त्या काळी आपल्यापाशी नव्हता. पाकिस्तानला सोहेल अब्बास लाभला होता. कॉर्नर मिळाला की त्यांच्या प्रेक्षकांना गोल दिसू लागे. आपल्याकडे कॉर्नर मिळाला की आम्ही देवाचे नाव घेत असू. ज्याने पाहिले आहे की आपण आणलेले धान्य घरी नीट शिजत नाही, तो एखादे वेळी वाटेतच चूल मांडतो. धनराजचा हट्ट काही अंशी असा होता.

या जागी फुटबॉलमधील एका समकालीनाशी तुलना करण्याचा मोह होतो. फ्रान्सचा फ्रांक रिबेरी हाही डाव्या कडेने निघून आत वळणारा, वेगाने आणि चेंडू पायाला चिकटवून धावणारा गडी. बुलोन्य-सूर-मेर या बंदराच्या गावचा, गरीब वस्तीतून आलेला, तापट, आणि प्रेक्षकांचा लाडका. २०२२ साली गुडघ्याच्या दुखण्याने त्याने खेळ सोडला. दोघांची जात एक आहे. धनराज तर काही काळ रिबेरीच्याच देशात, ल्यों शहराच्या क्लबकडून हॉकी खेळलाही होता. पण रिबेरीला २००७ पासून २०१९ पर्यंत म्युनिकचा बायर्न संघ मिळाला. दुसऱ्या कडेला रॉबेनसारखा जोडीदार मिळाला. त्याने तोडलेल्या फळीतून आत येऊन गोल करणारे मिळाले. आणि २०१३ साली त्या संघाने एकाच मोसमात जर्मनीतील अजिंक्यपद, तेथील चषक आणि युरोपचे अजिंक्यपद अशी तिन्ही बक्षिसे घेतली. रिबेरीच्या कपाटात पदके आहेत म्हणून त्याचे धावणे धनराजच्या धावण्याहून थोर होते, असे म्हणावयास आमची जीभ वळत नाही. धावणे त्या दोघांचे, कपाट संघाचे.

धनराजच्या कपाटात १९९८ च्या बँकॉकचे सुवर्णपदक आहे, हे विसरून चालणार नाही. एशियाई स्पर्धेत भारताला हॉकीचे सुवर्ण १९६६ नंतर मिळाले नव्हते. तेही बँकॉकलाच मिळाले होते. बत्तीस वर्षांनी धनराजच्या नेतृत्वाखाली ते परत आले. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकांवर लागला. तेव्हा गोलरक्षक आशिष बल्लाळ याने केलेली कामगिरी कोण विसरेल? आणि मग काय झाले? विजयानंतर थोड्याच काळात कर्णधारासह अनेक खेळाडू व प्रशिक्षक कौशिक यांना संघाबाहेर ठेवण्यात आले. धनराज मानधन व सोयी यांविषयी उघड बोलत असे, त्याचे हे फळ, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. कारभाराचा हा विषय आमच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु पंधरा वर्षांत ज्याच्याभोवती प्रशिक्षक आणि सोबती सारखे बदलत राहिले त्याने एकट्याच्या बळावर खेळण्याची सवय लावून घेतली, तर तो दोष निखळ त्याचाच मानावा काय?

दोन वर्षांनी सिडनी आले. पोलंडविरुद्धचा सामना आम्ही राजापेठेतील घरीच पाहिला. तो जिंकला की उपांत्य फेरी निश्चित. भारत एका गोलाने पुढे होता आणि दोन मिनिटेही उरली नव्हती. आमच्या वडिलांनी पेढे आणावयास मुलाला पैसे दिले. तो दारातून बाहेर पडला आणि पोलंडने बरोबरी केली. १-१. पडद्यावर धनराज रडताना दिसला. मुलगा पेढे घेऊन आला तेव्हा कोणीच कोणाशी बोलत नव्हते. त्या सामन्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला त्यात भर घालावयाची नाही.

लोकांच्या स्मरणातील धनराज येथे संपतो: केस उडवीत धावणारा आणि शेवटी रडणारा. आमच्या मते मात्र त्याच्या खेळाचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग येथून पुढे सुरू होतो, आणि त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. वयाची तिशी ओलांडल्यावर पायांचा वेग उतरतो. ज्याचे सारे भांडवल वेगात, त्याचे दुकान तेव्हा बंद व्हावयाचे. धनराजचे झाले नाही. २००२ साली कोलोनच्या चँपियन्स करंडकात तो चौतीस वर्षांचा होता. भारत चौथा आला, आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून धनराजची निवड झाली. पुढील वर्षी क्वालालंपूरला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ असे हरवून आशिया चषक प्रथमच जिंकला. हा धनराज निराळा होता. तो मागे, मधल्या फळीच्या जवळ येऊन चेंडू घेई. धावे, पण अर्धेच अंतर. दोन गडी अंगावर ओढले की चेंडू सुटलेला असे, आणि पुढे गगनअजित सिंग, दीपक ठाकूर, प्रभज्योत सिंग यांसारख्या तरण्या पोरांपैकी कोणीतरी तो घेऊन मोकळ्या जागेत शिरलेला असे. चढाई तीच, पण आता गडी मध्यरेषेला हात लावून परत येत होता.

ही सुधारणा त्याला वयाने शिकवली, की विश्वासू सोबती मिळाले म्हणून आली, याचा निर्णय आम्हांला करता येत नाही. दोन्ही कारणे असावीत. एवढे खरे, की पंचविशीतल्या धनराजच्या अंगी जे पाय होते आणि चौतिशीतल्या धनराजला जी दृष्टी आली, ती एकाच वेळी एका देहात नांदली असती तर आमच्या स्नेह्यांना गणिताचे दुसरे उदाहरण शोधावे लागले असते. अथेन्सला ती वेळ टळून गेली होती. छत्तीस वर्षांचा हा माणूस तेथे बहुतेक राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहिला, आणि शेवटच्या सामन्यात त्याला अगदी थोडा वेळ मैदानावर पाठवण्यात आले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इंग्रजी चरित्राचे नाव 'फर्गिव्ह मी अम्मा', म्हणजे आईची क्षमा मागणारे, असे आहे. खेलरत्न पुरस्कार, ज्याला २०२१ पासून मेजर ध्यानचंद यांचे नाव आहे, तो त्याला १९९९-२००० सालासाठी मिळाला, त्याचा आनंद झाकोळून टाकणारे हे नाव वाचून आमचे मन विषण्ण झाले.

हे सारे आम्ही पुढच्या रविवारी मंडळींपुढे मांडले. गणिती स्नेह्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्याने गोल किती केले?" आम्ही सांगितले की १७० हून अधिक मानतात, पण आपल्या हॉकी महासंघाने गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नाही. हे ऐकून ते प्रथमच चिडले. एका देशाने आपल्या सर्वांत नामांकित आघाडीवीराचे गोलसुद्धा मोजू नयेत, हे त्यांना पदकांच्या शून्याहून अधिक लागले. "आणि पास? कॉर्नर? ते तर कोणी मोजलेच नसतील," असे ते पुटपुटले. आता त्यांनी जुन्या सामन्यांचे जेवढे चित्रण हाती येईल तेवढे गोळा करावयास आरंभ केला आहे. एका वहीत तीन रकाने आखले आहेत: चेंडू घेऊन धावला, चेंडू दिला, चेंडू गमावला. १९९४ चे सामने आणि २००२ चे सामने समोरासमोर मांडून आमचे विधान खरे ठरते की खोटे, हे ते पाहणार आहेत. परवा विचारले, तेव्हा म्हणाले, "अजून अर्धाच सामना झाला आहे. तो चेंडू घेऊन निघाला की मोजावयाचे राहून जाते, मग चित्र मागे न्यावे लागते."